टी-पेशींचा लगाम

आपल्या रक्तांतील पांढऱ्या पेशींत 'टी-पेशी' म्हणून एक जात आहे. रोगजंतूंनीं ग्रासलेल्या पेशी हुडकून त्यांचा नाश करणें, हें तिच्याकडील एक मोठें काम. असा रक्षक जितका उग्र तितका बरा, असें कोणासही वाटेल. परंतु वस्तुस्थिति तशी नाहीं.

शत्रूची ओळख पटली एवढ्यानेंच टी-पेशी चेतत नाहीं. तिला दुसरी एक खूण मिळावी लागते. ती खूण तिच्या पृष्ठभागावरील सीडी-२८ हें प्रथिन ग्रहण करतें. पेशी चेतल्यावर मात्र तेथें सीटीएलए-४ हें दुसरें प्रथिन येतें, खुणेची जागा आपणच अडवून बसतें, आणि चेतना ओसरते. हाच तो लगाम. १९९५ सालीं हें प्रथिन मुळींच नसलेल्या उंदरांचें निरीक्षण करण्यांत आलें. त्यांच्या टी-पेशी अनावर वाढून हृदयादि इंद्रियांत शिरल्या, व तीं पिलें तीन-चार आठवड्यांचीं होतात न होतात तोंच मेलीं.

पीडी-१ हा दुसरा लगाम जपानांत तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेस १९९२ सालीं सांपडला. कर्करोगाच्या कित्येक पेशी हाच लगाम खेंचून टी-पेशींस थोपवितात. तेव्हां लगामच सैल केला तर? अमेरिकेंत जेम्स ॲलिसन यांनीं सीटीएलए-४ ला अडविणारें प्रतिपिंड उंदरांस देऊन त्यांच्या गांठी नाहींशा झाल्याचें १९९६ सालीं दाखविलें. अशा जातीचें पहिलें औषध तेथें २०११ सालीं मान्य झालें, आणि २०१८ सालीं ह्या दोघां शास्त्रज्ञांस नोबेल पारितोषिक मिळालें. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचा मेंदूपर्यंत पोंचलेला कर्करोग २०१५ सालीं शस्त्रक्रिया, किरणोपचार व पीडी-१ ला अडविणारें औषध यांच्या योगानें हटला. ते शंभरी ओलांडून २०२४ सालीं वारले.

तथापि हें औषध सर्वांसच लागू पडतें असें नाहीं. शिवाय मोकळ्या सुटलेल्या टी-पेशी कधीं आंतडीं, कधीं फुफ्फुसें, तर कधीं कंठग्रंथि यांवरच तुटून पडतात. मग त्यांस आवरण्यासाठीं वैद्यांस पुन्हां औषध द्यावें लागतें.

यावरून आम्हांस असें वाटतें कीं, लगाम म्हणजे दुर्बलता नव्हे. ज्याच्या आडून कर्करोग लपतो, तोच निरोगी मनुष्यास त्याच्या स्वतःच्या सैन्यापासून रोज वांचवीत असतो. तो केव्हां व किती सैल करावा, हें जाणणें हीच खरी वैद्यविद्या होय.