वरचा मजला? मग भाडं कमी!

टॉवरमधला सर्वांत वरचा फ्लॅट आज मिरवायची गोष्ट. प्राचीन रोममध्ये मात्र पैसेवाले खाली राहायचे आणि गरीब माळ्यावर. लिफ्ट नाही, वर पाणी नाही; रस्त्यावरच्या हौदातून भरून जिने चढायचे. कवी मार्शलही तीन जिने चढूनच घरी जायचा.

इमारती धडाधड कोसळायच्या. म्हणून सम्राट ऑगस्टसने उंचीला 70 रोमन फुटांची मर्यादा घातली, पुढे ट्राजनने ती 60 वर आणली. बिल्डर मंडळी तेव्हाही ऐकणाऱ्यांतली नव्हती म्हणायची! वक्ता सिसेरो स्वतः घरमालक. इ.स.पूर्व 44 मध्ये तो मित्राला कळवतो, की माझी दोन दुकानं पडली, बाकीच्यांना तडे गेलेत, भाडेकरूच काय, उंदीरसुद्धा पळाले. रोममधला धनाढ्य क्रॅसस त्याच्याही वरचढ. कुठे आग लागली की हा जळतं घर आणि शेजारची घरं मातीमोल भावात विकत घ्यायचा.

घर बदलायचा दिवस 1 जुलै. पॉम्पेई या रोमन शहरात भिंतीवर रंगवलेली 'भाड्याने देणे आहे' अशी जाहिरात सापडली आहे: ताबा 1 जुलैपासून, चौकशी मालकाच्या गुलामाकडे.

खालून चालणाऱ्यांनी मात्र जीव मुठीत धरावा. वरून काय पडेल, नेम नाही! त्यासाठी खास कायदाच होता. खिडकीतून टाकलेल्या वस्तूने नुकसान झालं, तर तिथे राहणाऱ्याने दुप्पट भरपाई द्यायची. जखमी झालात तर औषधपाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी मिळे. चेहऱ्यावर व्रण राहिला तर? त्याचे शून्य. स्वतंत्र नागरिकाच्या देहाची किंमत करता येत नाही, हे कारण. उदात्त आहे खरं, पण सोयीचंही.

आणि घराच्या आत? पॉम्पेईतल्या बऱ्याच घरांत संडास थेट स्वयंपाकघरात, चुलीच्या बाजूला. माळ्यावरच्यांना तर बहुधा चूलच नाही. मग खाणं बाहेरचं. 2020 मध्ये पॉम्पेईत असं एक खाद्यपदार्थांचं दुकान पूर्ण उकरून काढलं. दुकानाच्या ओट्यात बसवलेल्या रांजणांत बदक, डुक्कर, बकरी, मासे, गोगलगायी यांचे अवशेष निघाले. दर्शनी बाजूला साखळीतल्या कुत्र्याचं झकास चित्र आहे. त्याच्या चौकटीवर कुणीतरी निकिया नावाच्या इसमाला उद्देशून शिवी कोरलीय. ती इथे छापण्यासारखी नाही.