मोडावर रस्ता ओलांडायचा कुठून?

लातूरहून चाकूरकडे निघालं की वाटेत आष्टामोड लागतो. इथून उदगीरचा रस्ता फुटतो. अशा तिठ्यावर गाड्यांनी कसं वळायचं याचा विचार आधी होतो. पायी माणसाने पलीकडे कुठून जायचं, हे पुष्कळदा पांढरा रंग उरला तर ठरतं.

खरं तर सुरुवात पायांपासून करायला हवी. पांदण महामार्गाला कुठे मिळते, दुभाजकावरचं गवत कुठे तुडवलंय, कठड्याची सळई कुठे वाकवलीय, ते बघायचं. लोकांनी आपली जागा आधीच निवडलेली असते. मग बाजाराच्या दिवशी आणि शाळा सुटताना तासभर उभं राहून मोजायचं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी मार्गदर्शिकेत (आयआरसी १०३) त्यासाठी हिशेब आहे: गर्दीच्या तासातली ओलांडणारी माणसं गुणिले वाहनसंख्येचा वर्ग. दुभाजक नसताना हा आकडा १० कोटींवर, दुभाजक असताना २० कोटींवर गेला, की मोडापासून दूरच्या ओलांडपट्ट्यालाही सिग्नलसारखं नियंत्रण लावण्याचा विचार करायचा. २०० माणसं, ८०० वाहनं धरली तर १२ कोटी ८० लाख होतात. माझी तक्रार एवढीच, की हे सूत्र ओलांडणाऱ्यांना मोजतं. भिऊन अलीकडेच थांबलेली म्हातारी त्यात येत नाही.

आता खरा पेच. समजा, महामार्गाच्या कडेने पायवाट आहे आणि फुटणाऱ्या रस्त्याचं तोंड तिला ओलांडायचंय. कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांना असे मोड पावलोपावली लागतात. मोडावरच्या ड्रायव्हरची नजर कुठे असते? आतल्या रस्त्याने येऊन डावीकडे वळणारा उजवीकडे बघतो, कारण गाड्या तिकडून येतात. डावीकडून चालत येणारा त्याला दिसतच नाही. महामार्गावरून उजवीकडे आत शिरणाऱ्याचं लक्ष समोरून येणाऱ्या ट्रकांमधल्या फटीवर. फट मिळाली की तो गाडी दामटतो, आणि पट्टा नेमका त्यानंतर येतो.

म्हणून पट्टा तोंडालाच, वळणाऱ्याच्या नजरेत ठेवायचा, किंवा एका गाडीच्या लांबीएवढा, साधारण ६ मीटर, आत घ्यायचा. आत घेतला की कामं सुटी होतात: बाहेर पडणारा आधी माणसासाठी थांबतो, मग पुढे सरकून महामार्गासाठी. आत शिरणाऱ्यालाही वळण पूर्ण करून थांबायला जागा मिळते. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर मात्र या ६ मीटरांत मावत नाही. गाळप हंगामात त्याची शेपटी पट्ट्यावरच राहणार. तरी पट्टा २०-३० मीटर आत ढकलणं हा उपाय नव्हे. तिथवर गाड्यांनी वेग घेतलेला असतो, मोडाची सावधगिरी संपलेली असते, आणि एवढा वळसा घालून कुणी जात नाही. वाईट जागा ती हीच, अधली-मधली.

खुद्द महामार्ग ओलांडायचा असेल, तर मोडाचा गोंधळ, वळणाऱ्यांची रांग, काळीपिवळीचा थांबा, सगळं मागे पडेल इतकं दूर जायचं. तिथे नजरेचा हिशेब लागतो. चौपदरी रस्त्याची एक बाजू कडेच्या पट्टीसह साडेआठ मीटर धरू. सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्याला ७ सेकंद लागतात. ताशी ८० किमीची गाडी तेवढ्यात सुमारे १५५ मीटर अंतर कापते. म्हातारं माणूस ०.९ मीटरने चाललं तर हेच अंतर २१० मीटर होतं. गाडी थांबायला १२० मीटर दृष्टी पुरते असं प्रमाणक सांगतं, पण ते ड्रायव्हरच्या बाजूने. त्यामुळे चढाच्या माथ्यापलीकडे किंवा वळणाच्या पोटात पट्टा नको, फलकाआड तर नकोच. एसटीचा थांबा पट्ट्याच्या पुढे हवा, म्हणजे उतरलेला माणूस गाडीच्या मागून ओलांडतो. थांबा पट्ट्याच्या आधी असेल तर तो गाडीपुढून निघतो, आणि मागून ओव्हरटेक करणाऱ्याला एकदम दिसतो.

दुभाजकात उभं राहायला जागा हवी: किमान सव्वा मीटर, डोक्यावर ओझं आणि हाताला पोर असेल तर त्याहून जास्त. जमलं तर तिथे पट्टा सरळ न नेता थोडा डावीकडे सरकवावा. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, म्हणून दुसऱ्या बाजूची वाहनं चालणाऱ्याच्या डावीकडून येतात. दुभाजकातली ती चार पावलं तो आपोआप त्यांच्याकडे तोंड करून चालतो.