खारट रानातला गहू

रानावर पांढरी फूल उमटू लागली की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. नीरा-कृष्णेच्या कालव्याखालच्या गावांना हे सांगायला नकोच. अशा रानात हरभरा आधी जातो. गहू थोडाफार तग धरतो, पण सगळेच गहू सारखे नसतात. असे का?

मिठातले सोडियम पाण्याबरोबर मुळातून वर चढते, पानात साठते आणि पान शेंड्याकडून करपत येते. चिवट वाण हे सोडियम बरेचसे मुळाशीच अडवतो. ही राखण कोणी करायची, ते बियाण्यातले जनुक ठरवते. आपल्या चपातीच्या गव्हात ४२ गुणसूत्रे असतात, तर बन्सी आणि खपलीत २८. जास्तीची १४ गुणसूत्रे हजारो वर्षांपूर्वी एका रानगवताकडून आली. सोडियम अडवणारे एक जनुक त्यांतच आहे. म्हणून शेवयांचा बन्सी खारट रानात लवकर हार खातो. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी पुरातन एकदाणी गव्हातले असे जनुक साध्या संकराने बन्सीच्या जातीच्या गव्हात आणले. खारट रानात त्याचे उत्पन्न २५ टक्क्यांपर्यंत वाढल्याचे त्यांनी २०१२ साली जाहीर केले.

आपल्याकडे मात्र हा ठेवा शेतकऱ्यांच्याच कणगीत होता. राजस्थानात पाली जिल्ह्याच्या बाजूला जमीन खारी आणि विहिरींचे पाणीही खारे. तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या ओंब्यांचेच बी राखले. तोच खारचिया गहू. मीठ सोसण्यात त्याचा हात धरणारे वाण थोडेच. पण तो उंच वाढतो, लोळतो, तांबेऱ्याला बळी पडतो आणि दाणाही लालसर.

कर्नाल येथे १९६९ साली क्षारपड जमिनीसाठी केंद्रीय संशोधन संस्था निघाली. तिथे खारचिया ६५ चा संकर बुटक्या, भरघोस पिकणाऱ्या डब्ल्यू. एल. ७११ शी केला. पण मीठ सोसण्याचा गुण एका जनुकावर नसतो, अनेकांवर असतो. एका घरातली भावंडे पाहा. कोणी आईचा रंग घेते, कोणी बापाची उंची. संकराच्या दुसऱ्या पिढीपासून रोपांचेही तसेच होते. त्यांतून बापाची चिवट मुळे आणि आईचा भरलेला दाणा एकत्र आलेले रोप हुडकायचे, तेही खाऱ्या वाफ्यात, पिढी मागून पिढी. असे करत १९९० साली के. आर. एल. १-४ हा वाण प्रसारित झाला. पुढे त्याच्याच वंशातून के. आर. एल. १९ आला.

हे वाण मुख्यतः उत्तरेकडच्या मैदानी मुलखासाठी आहेत. आपल्या हवेत कोणता वाण घ्यावा, हे कृषी विद्यापीठाला विचारूनच ठरवावे. आणि एक गोष्ट विसरू नये. वाण मीठ सोसतो, काढून टाकत नाही. चर काढून निचरा करणे, पाणी बेताने देणे, माती तपासून चोपण निघाली तर जिप्सम टाकणे, ही कामे आपल्यालाच करायची आहेत.

जाता जाता, घरातले जुने बी कमी पिकते म्हणून मोडीत काढू नका. पालीच्या शेतकऱ्यांनी खारचिया टाकून दिला असता, तर कर्नालचे शास्त्रज्ञ संकर कशाशी करते?