गाडीला सहा तास आहेत : तेवढ्यात नागपूर कसे बघावे?



समुद्रावर प्रवाशांना घेऊन फिरणारी मोठमोठी जहाजे आपण चित्रात पाहिली असतील. त्यांना क्रूझ म्हणतात. अमेरिकेच्या दक्षिणेला कॅरिबियन समुद्र आहे. तिथे अशी पुष्कळ जहाजे फिरतात आणि एकदोन दिवसांनी कुठल्या तरी बेटाच्या बंदराला लागतात. जहाज सकाळी लागते आणि बहुधा त्याच सायंकाळी सुटते. मधल्या सहा-आठ तासांत प्रवाशांना शहर बघायचे असते. पोर्तो रिको बेटावरच्या सान हुआन शहराचेच बघा. तिथला एल मोरो किल्ला स्पेनच्या लोकांनी १५३९ साली बांधायला घेतला आणि १९८३ साली त्याला जागतिक वारसा स्थळांच्या यादीत स्थान मिळाले. एवढे जुने शहर सहा तासांत पूर्ण बघून होणार नाही, हे उघड आहे. म्हणून प्रवासी एक जाणकार मार्गदर्शक घेतात, दोन-तीन तासांत निवडक ठिकाणे बघतात आणि वेळेत जहाजावर परत येतात. उशीर झाला तर जहाज सहसा थांबत नाही.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या बोरगावला समुद्र नाही आणि जहाजही नाही, मग हे कशाला सांगता? सांगण्याचे कारण आहे. पुण्याला, मुंबईला किंवा शेगावला सहल जायची असली की आपण सकाळी बसने सावनेरवरून नागपूरला जातो. पुढची गाडी पुष्कळदा सायंकाळची असते. मधले पाच-सहा तास मुले फलाटावर सामानावर बसून काढतात, चिवडा खातात, गाड्या मोजतात. म्हणजे नागपूर हे आपले बंदरच झाले, फक्त आपण बंदरात उतरून शहर बघत नाही. दवाखान्यासाठी, कपड्यांसाठी, परीक्षेसाठी आपल्यापैकी बहुतेकजण नागपूरला जाऊन आलेले आहेत. पण नागपूरचा आणि आपला संबंध काय, हे विचारले तर उत्तर देता येत नाही. त्या सहा तासांचा उपयोग कसा करावा, हे या लेखात सांगायचे आहे.

आपले आणि नागपूरचे नाते

नागपूर शहर वसवले ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. हा देवगड कुठे आहे? छिंदवाडा जिल्ह्यातच, मोहखेड तालुक्यात. २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला, त्याआधी आपणही छिंदवाडा जिल्ह्यातलेच होतो. म्हणजे नागपूरचा संस्थापक आपल्या बाजूचा! त्याचा मुलगा चांद सुलतान याने शहराभोवती तट बांधला आणि जुम्मा तलाव केला. तोच आजचा गांधीसागर. पुढे १७४३ च्या सुमारास रघूजी भोसल्यांकडे सत्ता आली. १८५३ मध्ये शेवटच्या भोसले राजांना मुलगा नव्हता, हे कारण सांगून इंग्रजांनी राज्य खालसा केले. १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. आपला छिंदवाडा जिल्हा त्याच प्रांतात होता.

स्वातंत्र्यानंतर १९५० साली या प्रांताचे नाव मध्य प्रदेश झाले, पण राजधानी नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. आपण मराठी बोलणारी माणसे होतो तिथेच राहिलो, पण आपली जुनी राजधानी सीमेपलीकडे गेली. आज आपल्या मुलांना राजधानी म्हणून भोपाळ ठाऊक असते, आणि ते बरोबरच आहे. पण आपल्या आजोबांच्या लहानपणी मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती, हे घरात कुणी सांगितले नाही तर त्यांना कळणार तरी कसे?

आधी वेळेचा हिशेब

असा फेरफटका ठरवताना घड्याळ उलटे मोजावे. समजा, गाडी सायंकाळी ५ वाजता आहे. मुलांची संख्या मोठी असल्याने ४ वाजता सर्वजण फलाटावर हवेत. त्याआधी अर्धा तास क्लोकरूममधून सामान सोडवायला लागेल. म्हणजे स्टेशनावर ३.३० ला परत यायचे. सकाळी १०.३० ला नागपुरात पोचलो आणि सामान ठेवून ११ वाजता निघालो, तर हाती साडेचार तास राहतात. त्यातून जेवणाचा एक तास आणि बसमध्ये चढणे-उतरणे, रस्ता, वर्दळ यांचा एक तास वजा करा. उरले अडीच तास. अडीच तासांत दहा ठिकाणे बघू असे जो म्हणेल, त्याला हा हिशेब दाखवावा. ठिकाणे तीनच घ्यावीत आणि ती नीट बघावीत.

क्लोकरूममध्ये सामान ठेवायला प्रवासाचे तिकीट लागते आणि प्रत्येक बॅगेला कुलूप असावे लागते. पालकांनी बॅग भरतानाच लहानसे कुलूप लावून द्यावे, म्हणजे ऐनवेळी धावपळ होत नाही.

पहिला थांबा : झीरो माईल

रेल्वे स्टेशनापासून जवळच, विधान भवनाच्या परिसरात, वालुकाश्माचा एक खांब आणि त्याच्याजवळ चार घोडे आहेत. हाच झीरो माईल. इंग्रजांच्या काळात देशाची मोजणी चालू होती, त्या कामातली ही खूण आहे. खांबाच्या माथ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे १०२० फूट धरलेली आहे. सहा कोनांच्या चौथऱ्यावर निरनिराळ्या गावांची अंतरे मैलांत कोरलेली आहेत. त्यांत हैदराबाद, जबलपूर, शिवनी, बैतूल ही नावे आहेत आणि आपले छिंदवाडाही आहे : ८३ मैल. एक मैल म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर. ८३ मैलांचे किती किलोमीटर होतात, हे मुलांनी तिथेच वहीत करून बघावे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची आहे. हा खांब म्हणजे भारताचा मध्यबिंदू, असे तुम्हाला हमखास सांगितले जाईल. ही समजूत फार पसरलेली आहे. पण नकाशा बघा. १९४७ च्या फाळणीने देशाचा आकार बदलला, मग मध्य तोच कसा राहील? आजच्या भारताचा मध्य म्हणून मध्य प्रदेशातल्या कटनी जिल्ह्यातले करौंदी हे गाव दाखवले जाते. मार्गदर्शकाचे बोलणे आदराने ऐकावे, पण "हे कसे ठरवले?" हा प्रश्नही आदरानेच विचारावा. चांगल्या मार्गदर्शकाला असा प्रश्न आवडतो.

समोरच्या विधान भवनात १९५६ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्याचे आमदार बसत असत. १९५३ च्या नागपूर करारानुसार महाराष्ट्र विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपूरला भरते. ते साधारण डिसेंबरात असते आणि तेव्हा या भागातले रस्ते बंद असतात, म्हणून सहलीची तारीख ठरवताना विचार करावा. इमारत बाहेरूनच बघायची. जवळच गोवारी शहीद स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला आपल्या मागण्या घेऊन आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जण मरण पावले, त्यात बायका आणि लहान मुलेही होती. गोवारी समाजाची कुटुंबे आपल्या भागातही आहेत. घाईच्या फेरफटक्यात हे स्मारक राहून जाते. आपण तिथे दोन मिनिटे उभे राहावे.

दुसरा थांबा : अजब बंगला

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ साली सुरू झाले. लोक त्याला अजब बंगला म्हणतात. प्राणी-पक्षी, जुनी शस्त्रे, नाणी, मूर्ती, शिलालेख आणि आदिवासींच्या वस्तू अशी इथे वेगवेगळी दालने आहेत. हे संग्रहालय सबंध मध्य प्रांतासाठी होते. त्यामुळे आजच्या मध्य प्रदेशात आणि छत्तीसगडमध्ये सापडलेल्या वस्तूही इथे आहेत. सगळी दालने एका तासात होत नाहीत. प्रत्येक वर्गाने एक दालन वाटून घ्यावे आणि प्रत्येकाने एकच वस्तू निवडून तिचे नाव, ती कुठे सापडली आणि कशाची आहे, एवढे लिहून आणावे. संग्रहालय सोमवारी बंद असते, म्हणून सोमवारची सहल ठेवू नये.

तिसरा थांबा : दीक्षाभूमी

१४ ऑक्टोबर १९५६ या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी इथे आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तारीख पुन्हा बघा. राज्यांची फेररचना त्यानंतर अठरा दिवसांनी झाली. म्हणजे हा सोहळा झाला तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होते! बाबासाहेबांचा जन्मही १८९१ साली महू येथे, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातच झाला. इथल्या भव्य स्तूपाचे उद्घाटन डिसेंबर २००१ मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झाले. स्तूप आतून पोकळ आहे, त्यामुळे आत बोललेले घुमते. चपला बाहेर ठेवून, शांतपणे, रांगेने आत जावे. दसऱ्याच्या सुमारास इथे देशभरातून अफाट गर्दी होते, तेव्हा लहान मुलांना नेणे अवघड जाते.

परत येताना सीताबर्डीची टेकडी लागते. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला अप्पासाहेब भोसले आणि इंग्रज यांची लढाई इथेच झाली. किल्ला सैन्याच्या ताब्यात असल्याने एरवी आत जाता येत नाही. तो बसमधूनच बघावा. स्टेशनावर उतरल्यावर इमारतीकडेही एकदा मान वर करून बघावे. ती १९२५ सालची आहे.

मार्गदर्शक कसा निवडावा?

परवाना असलेल्या मार्गदर्शकाजवळ पर्यटन खात्याचे ओळखपत्र असते. ते बघायला मागण्यात संकोच नसावा. इतिहास शिकवणारे एखादे जाणकार शिक्षकही हे काम उत्तम करू शकतात. किती तास, कोणते थांबे, किती मानधन, हे आधीच कागदावर लिहून घ्यावे. त्यातच "वाटेत दुकानात न्यायचे नाही" हेही लिहावे. जगभर काही मार्गदर्शक प्रवाशांना ठरलेल्या दुकानात नेतात, कारण विक्रीवर त्यांना दलाली मिळते. संत्र्याची बर्फी स्टेशनाजवळही मिळते, तिच्यासाठी थांबा खर्च करू नये.

आणखी एक आग्रह भाषेचा आहे. मार्गदर्शकाने मराठीतून बोलावे. आपली मुले शाळेबाहेर दिवसभर हिंदी ऐकतात. आपला इतिहास आपल्या भाषेत ऐकण्याची संधी त्यांना वारंवार मिळत नाही.

पालकांना आणि विश्वस्तांना विनंती

विश्वस्त मंडळाने पुढील सहलीच्या खर्चात नागपूरचा हा अर्धा दिवस, म्हणजे एक बस, मार्गदर्शकाचे मानधन आणि प्रवेश शुल्क, वेगळा धरावा. पालकांनी सहलीच्या आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना मुलांसमोर बोलते करावे. छिंदवाड्याहून सौंसरमार्गे नागपूरला जाणारी छोटी गाडी २०१५ पर्यंत धावत होती. आता तिथे मोठी लाईन आहे. त्या छोट्या गाडीने बाजाराला गेलेली माणसे आपल्या घरोघरी आहेत. नागपूरच्या मोतीबागेत छोट्या गाडीचे संग्रहालय आहे, पण ते या अडीच तासांत बसत नाही. ते पुढच्या खेपेला बघू.

विद्यार्थ्यांनी आपल्या आजी-आजोबांना विचारावे की त्यांनी नागपूर पहिल्यांदा केव्हा पाहिले, कशाने गेले आणि तिथे काय बघितले. उत्तरे दहा ओळींत लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावीत. सहलीच्या दिवशी मार्गदर्शकाला विचारायचे प्रश्न आम्ही त्यांतूनच निवडणार आहोत.