म्हातारपणाचे सोने आणि तिजोरीचे भाडे

धनत्रयोदशीला गुंजभर का होईना, सोने घ्यावे, ही आपल्या घरोघरची रीत. आजीच्या पाटल्या ट्रंकेच्या तळाशी, लुगड्याच्या घडीत असत. त्यांना ना भाडे, ना विमा. पहारेकरी म्हणजे खुद्द आजी! म्हणूनच सोने सांभाळायलाही पैसे पडतात, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. ते यावे म्हणून आज वाचकांना जरा अमेरिकेची सफर घडवितो.

तिकडे १९७४ च्या कायद्याने निवृत्तीसाठी स्वतःचे खाते उघडण्याची सोय झाली. 'आयआरए' हे त्याचे नाव. त्यातील बचतीला करात सवलत मिळते. पुढे १९८६ च्या कायद्याने या खात्यात 'अमेरिकन ईगल' नाणी ठेवण्यास मुभा मिळाली आणि १९९७ च्या कायद्याने शुद्ध सोन्याचांदीच्या लगडींनाही. आपल्या पाटल्या-बांगड्यांना मात्र तेथे मज्जाव!

पण खरी मेख पुढेच आहे. हे सोने मालकाने घरी ठेवायचे नाही. ते बँकेच्या किंवा सरकारमान्य विश्वस्ताच्याच ताब्यात हवे. आणि विश्वस्त म्हटला की बिल आलेच. खाते सांभाळण्याची वार्षिक फी वेगळी, तिजोरीचे भाडे व विमा वेगळा, शिवाय खरेदी-विक्रीच्या भावांतली तफावत आहेच.

तिजोरीतही दोन तऱ्हा. एकीत तुमच्या लगडी स्वतंत्र कप्प्यात राहतात. तिचे भाडे अधिक. दुसरीत सर्वांचे सोने एकत्र. गावच्या पेवात धान्य टाकावे तसे. माप तेवढेच परत मिळते, पण दाणे तेच असतील असे नाही. चांदीची गोष्ट आणखी निराळी. तेवढ्याच किमतीची चांदी सोन्याच्या कित्येक पट वजनाची भरते, जागाही तशीच अडवते. मग भाडे वाढले तर नवल काय?

आता थोडे गणित करू. समजा, सगळा मिळून खर्च वर्षाला २५० डॉलर आहे. ज्याचे सोने ५०,००० डॉलरचे, त्याला तो अर्धा टक्का पडतो. ज्याचे १०,००० चे, त्याला अडीच टक्के! वीस वर्षांत त्याचे ५,००० डॉलर गेले, म्हणजे मूळ रकमेचा निम्मा भाग. सोने तर व्याज देत नाही. भाव वाढला तरच हा खड्डा भरायचा. कोठे भाडे टक्केवारीने असते. तेथे लहान खातेदार वाचतो, पण भाव चढला की भाडेही चढते.

"मग घरच्याच तिजोरीत ठेवले तर?" असे कोणी म्हणेल. एका बाईंनी तेच केले. खात्याच्या पैशांतून घेतलेली ईगल नाणी घरी ठेवली. २०२१ साली तेथील कर न्यायालयाने निकाल दिला, की नाणी हाती आली म्हणजे ती खात्यातून काढल्यासारखीच आहेत. कर भरा! भाडे वाचविण्याच्या नादात सवलतच गेली.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मुलाबाळांनी तर हे ध्यानात ठेवावेच. पण आपणही बोध घ्यावा. येथे बँकेच्या लॉकरचे भाडे आपण बिनबोभाट भरतो आणि निर्धास्त झोपतो. रिझर्व्ह बँकेचे लॉकरसंबंधीचे सुधारित नियम २०२२ पासून अमलात आले. त्यांनुसार आग, चोरी किंवा नोकराची अफरातफर झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपुरतीच. भाडे ३,००० रुपये असेल तर भरपाई फार तर ३ लाख. मग आत दहा लाखांचे दागिने का असेनात!

तेव्हा यंदा सोने घ्याल ते हौसेने घ्या, लेकीसुनांच्या अंगावर मिरवू द्या. पण म्हातारपणाची काठी म्हणून घेणार असाल, तर सराफाला भाव विचारताना स्वतःलाही एक प्रश्न विचारा: हे वीस वर्षे सांभाळायला काय पडेल? तो आकडा वहीत लिहा आणि मगच वहीवर हळदकुंकू वाहा.