लक्ष्मीच्या वाहनाचे जेवण

लक्ष्मीपूजनाच्या रात्री घुबड ओरडले, की आपल्या कपाळाला आठी पडते. गंमत पाहा, लक्ष्मीचे वाहन तेच!

१८९५ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविली. जिथे गूळ नि धान्य, तिथे उंदीर. आणि उंदरांमागे गव्हाणी घुबड! ते उंदीर अख्खा गिळते आणि न पचलेली हाडे-केस यांचा गोळा ओकून टाकते.

जुन्या इमारतीखाली असा वाळका गोळा सापडला, तर मुलांना हातमोजे घालून तो अंगणात कोमट पाण्यात भिजवू द्या. चिमट्याने कवट्या वेगळ्या करून त्यांना मोजू द्या. नंतर साबणाने हात धुवायला विसरू नका. ज्याने त्या कवट्या मोजल्या, तो घुबडावर दगड उचलणार नाही.