लकव्याच्या झटक्यात नुसता ऑक्सिजन लावून भागत नाही. पहिले साडेचार तास महत्त्वाचे

घरातल्या माणसाला लकवा मारला की नातेवाइकांची पहिली मागणी असते, "डॉक्टर, आधी ऑक्सिजन लावा." कोरोनात ऑक्सिजनसाठी झालेली धावपळ सगळ्यांनी पाहिली आहे, त्यामुळे हे साहजिक आहे. पण लकव्याचे गणित वेगळे आहे.

बहुतेक वेळा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि पुढे रक्त पोचत नाही. ठिबकची नळी चोंदली, तर टाकीत कितीही पाणी भरा, पुढचे झाड कोरडेच राहते. तसेच इथे होते. रक्तात ऑक्सिजन पुरेसा असतो, पण वाटच बंद असते.

याची तपासणी ब्रिटनमध्ये मोठ्या प्रमाणावर झाली. ८,००३ रुग्णांचे तीन गट केले. एकाला तीन दिवस सलग ऑक्सिजन दिला, दुसऱ्याला तीन रात्री, तर तिसऱ्याला फक्त गरज पडली तरच. तीन महिन्यांनी पाहिले, तर मृत्यू आणि अपंगत्व यात फरक पडला नव्हता. २०१७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

म्हणजे ऑक्सिजन वाईट आहे का? तसे नाही. ऑक्सिमीटरवर पातळी कमी असेल, दम लागत असेल, तर तो लागतोच. पातळी ९४ टक्क्यांच्या वर राहील, असे डॉक्टर पाहतात. पातळी चांगली असताना मात्र उगाच लावून फायदा नाही.

खरा उपचार गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा. ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तेही सीटी स्कॅन करूनच. कारण काहींच्या मेंदूत गुठळी नसते, रक्तस्राव झालेला असतो. त्यांना हे इंजेक्शन घातक ठरते.

म्हणून हे लक्षात ठेवा:

• तोंड वाकडे झाले, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, की लगेच १०८ ला फोन करा.
• रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी होता, ती वेळ डॉक्टरांना सांगा.
• तोंडाने पाणी, चहा, गोळी काही देऊ नका.
• सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन कोणत्या दवाखान्यात आहे, ते आजच विचारून ठेवा.

गावातल्या दवाखान्यात सलाईन आणि ऑक्सिजन लावून 'उतार पडेल' म्हणून थांबलात, तर हे साडेचार तास तिथेच संपतात.